ब्रिटनमधल्या पॅरामेडिकला अमेरिकेत नोकरी: व्हिसा कुठे अडतो आणि का (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडमध्ये अँब्युलन्सवर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून आणि कधीकधी पुण्या-नाशिकहून त्यांच्या आईवडिलांकडून हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही, अँब्युलन्सवरच काम करते. नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरायच्या आधी सरकारी साइटवर त्या दिवशी काय लिहिलंय ते बघाच.

अमेरिकेत पॅरामेडिक कमी पडतायत असं सगळीकडे ऐकतो, मग आपल्यासाठी वेगळा व्हिसा असेलच ना?

नाही, असा व्हिसाच नाहीये. तिथे माणसं कमी आहेत हे खरं, पण टंचाई असली म्हणून आपोआप व्हिसा निघत नाही, त्यासाठी कायद्यात त्या कामाचं नाव किंवा त्या कामाला बसेल असा रकाना लागतो. ब्रिटनने पॅरामेडिकला हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाच्या यादीत घातलंय, म्हणजे अमेरिकन पॅरामेडिकला इकडे यायचं असेल तर निदान दार आहे. आपल्याला तिकडे जायचं असेल तर तसं दार नाही. हा एकतर्फी प्रकार आधी डोक्यात नीट बसवा, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

माझ्याकडे पॅरामेडिक सायन्समध्ये बीएस्सी ऑनर्स आहे, मग एच-१बी का नाही मिळणार?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आपल्याकडे डिग्री आहे आणि एच-१बी डिग्रीवाल्यांचा व्हिसा आहे, म्हणजे आपलं जमलं असं वाटतं. पण कायदा आधी तुमची डिग्री बघत नाही, आधी ती नोकरी बघतो. त्या नोकरीत शिरायला निदान बॅचलर्स डिग्री, आणि तीही ठरावीक विषयातली, सर्वसाधारणपणे लागते का? अमेरिकेत पॅरामेडिक व्हायला लोक कम्युनिटी कॉलेजमध्ये सर्टिफिकेट कोर्स करतात नाहीतर दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतात, बॅचलर्सची अट नसते. त्यामुळे तिथल्या हिशोबाने हे काम 'स्पेशालिटी ऑक्युपेशन' ठरत नाही आणि विषय तिथेच संपतो, मग तुम्ही मास्टर्स का केलेलं असेना.

इकडे ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एचसीपीसीने (पॅरामेडिकची नोंदणी करणारी संस्था) नवीन पॅरामेडिकसाठी डिग्री हाच किमान दर्जा केला. ब्रिटनमध्ये हा व्यवसाय डिग्रीचा झाला, अमेरिकेत नाही झाला, आणि या दोन देशांमधल्या फरकाची किंमत तुम्हाला व्हिसाच्या खिडकीवर मोजावी लागते. तुमच्या कामात, अनुभवात काही कमी आहे म्हणून नकार येतो असं अजिबात समजू नका. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, कारण चांगली चांगली मुलं "आपणच कमी पडलो" असं मनाला लावून घेतात.

मग पॅरामेडिकला एच-१बी कधीच नाही का?

रस्त्यावरच्या कामासाठी जवळपास नाहीच. युनिव्हर्सिटीत शिकवायची नोकरी असेल, म्हणजे पॅरामेडिसिनचा लेक्चरर वगैरे, तर ती डिग्रीची नोकरी आहे, आणि युनिव्हर्सिटीला वर्षाच्या ८५,००० च्या कोट्याची आणि लॉटरीची अट लागू नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नवीन एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर लावले, आणि युनिव्हर्सिटी त्यातून आपोआप सुटत नाही. एका लेक्चररसाठी कुठलं कॉलेज एवढे पैसे भरेल? त्या आदेशाची मुदत आणि कोर्टातली परिस्थिती अर्ज करायच्या वेळी तपासा.

कॅनडाचा मित्र म्हणतो त्यांना टीएन व्हिसा आहे, ऑस्ट्रेलियन लोकांना ई-३ आहे. आपल्याला?

टीएन फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना, आणि त्याच्या व्यवसायांच्या यादीतही पॅरामेडिक नाही. ई-३ फक्त ऑस्ट्रेलियन नागरिकांना, आणि त्यालाही स्पेशालिटी ऑक्युपेशनची तीच अट. म्हणजे तो कॅनडावाला आणि ऑस्ट्रेलियावाला अँब्युलन्सच्या कामासाठी तुमच्याच रांगेत उभे आहेत.

नर्स लोक तर धडाधड जातात, मग आपण का नाही?

नर्स आणि फिजिओथेरपिस्ट या दोघांना अमेरिकन लेबर डिपार्टमेंटच्या 'शेड्युल ए' यादीत जागा आहे. म्हणजे सरकारने आधीच मान्य करून टाकलंय की या कामाला माणसं कमी आहेत, त्यामुळे मालकाला जाहिराती देऊन "अमेरिकन माणूस मिळाला नाही" हे सिद्ध करत बसावं लागत नाही. पॅरामेडिक त्या यादीत नाही. परदेशी हेल्थकेअर कामगारांच्या सर्टिफिकेटचा १९९६ चा जो कायदा आहे त्यातही नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लॅबवाले, फिजिशियन असिस्टंट असे सात व्यवसाय आहेत, पॅरामेडिक नाही. त्यामुळे ते व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट तुम्हाला लागतच नाही, कोणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

काहीजण विचारतात, मग नर्सिंग करू का? नर्सिंग मनापासून आवडत असेल तर जरूर करा. पण फक्त व्हिसासाठी परत तीन वर्षं शिकायचं आणि मग वॉर्डात मन रमलं नाही तर? आणि जन्म भारतातला असेल तर नर्सलाही तीच रांग आहे, ती पुढे सांगते.

ईबी-३ ग्रीन कार्ड हा रस्ता खरा आहे का?

हो. कागदावर पॅरामेडिकला नोकरीच्या जोरावर जायचा खरा रस्ता हाच. ईबी-३ मध्ये 'स्किल्ड वर्कर' म्हणजे निदान दोन वर्षं ट्रेनिंग किंवा अनुभव लागणारं काम, डिग्रीची अट नाही. पण गंमत नाही, वेळ खूप लागतो आणि मालक तयार व्हावा लागतो.

आधी मालक लेबर डिपार्टमेंटकडून त्या भागातला ठरलेला पगार काढून घेतो, मग जाहिराती देतो, मग पर्म नावाचा अर्ज करतो (अमेरिकन माणूस मिळाला नाही हे दाखवणारा), तो पास झाला की आय-१४०, म्हणजे मालकाने तुमच्यासाठी भरायचा ग्रीन कार्डचा अर्ज, आणि मग तुमच्या नंबरची वाट. नुसतं पर्मपर्यंतचं काम वर्ष-दोन वर्षं खातं, आणि तुम्ही तोपर्यंत इकडे. आता एखाद्या छोट्या काउंटीतली अँब्युलन्स कंपनी विचार करते की आपल्याला माणूस पुढच्या महिन्यात हवाय, हा येणार तीन-चार वर्षांनी, मग स्थानिक मुलगाच ट्रेन करून घेऊ. त्यांचंही चूक नाही.

आणि यातली अजून एक मेख कोणी सांगत नाही. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो त्या दिवशी त्या नोकरीच्या सगळ्या अटी तुम्ही पूर्ण केलेल्या असायला लागतात. नोकरीची अट जर "या राज्याचं पॅरामेडिक लायसन्स" अशी असेल तर ते लायसन्स आधीच हातात हवं. लायसन्ससाठी तिथला कोर्स हवा, कोर्ससाठी तिथे राहायला व्हिसा हवा, आणि बऱ्याच राज्यांचे फॉर्म सोशल सिक्युरिटी नंबर मागतात जो कामाच्या परवानगीशिवाय सहज मिळत नाही. हा गुंता सोडवल्याशिवाय ऑफर लेटर घेऊन नाचण्यात अर्थ नाही.

माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे पण जन्म पुण्याचा. त्याने काही फरक पडतो का?

खूप पडतो, आणि आपल्या लोकांनी सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. ग्रीन कार्डची रांग पासपोर्टवरून ठरत नाही, जन्मदेशावरून ठरते. दरवर्षी नोकरीवर साधारण १,४०,००० ग्रीन कार्ड आणि एका देशाला त्यातली ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ ची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे. तुमच्याच स्टेशनवरचा लीड्सला जन्मलेला सहकारी आणि पुण्याला जन्मलेले तुम्ही, दोघांनी एकाच दिवशी एकाच कंपनीकडून अर्ज केला तरी त्याचा नंबर काही वर्षांत लागेल आणि तुमचा कधी लागेल हे सांगता येत नाही. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात भारताचा कॉलम वेगळा असतो, तो बघा.

एक सुटका आहे. नवरा किंवा बायको ब्रिटनमध्ये जन्मलेली असेल आणि दोघं एकत्र जाणार असाल तर जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग वापरता येते. मुलं ब्रिटनमध्ये जन्मली म्हणून मात्र आईवडिलांना तो फायदा मिळत नाही, हे बरेच जण गृहीत धरतात.

उलट काही व्हिसे नागरिकत्वावर चालतात. ई-२ हा गुंतवणूकदाराचा व्हिसा ब्रिटिश नागरिकाला मिळतो, भारतीय नागरिकाला नाही, आणि तिथे जन्म पुण्याचा असला तरी चालतं. पण त्यासाठी तुम्ही ब्रिटनमध्ये राहणारे असायला हवे, आणि तिथे स्वतःचा धंदा काढून चालवायचा, म्हणजे समजा फर्स्ट एडचं ट्रेनिंग देणारी कंपनी. दुसऱ्याच्या अँब्युलन्सवर नोकरी करायला तो व्हिसा नाही.

नवरा आयटीत आहे, कंपनी त्याला लंडनहून न्यू जर्सीला पाठवतेय. मी तिथे पॅरामेडिकचं काम करू शकते का?

ताई, तुमची परिस्थिती बाकीच्यांपेक्षा कितीतरी बरी आहे. त्याला एल-१ (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) मिळत असेल तर तुम्हाला एल-२, आणि नोव्हेंबर २०२१ पासून एल-१ वाल्याच्या जोडीदाराला त्या स्टेटसबरोबरच कामाची परवानगी मानली जाते, वेगळं कार्ड काढायची सक्ती नाही. आय-९४ वर (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) 'एल-२एस' असं छापलेलं आहे ना ते विमानतळावरून घरी पोचल्या पोचल्या डाउनलोड करून बघा, नसेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, कारण मालक तोच कागद मागणार. मग काम कुठलंही करा, डिग्रीची अट नाही, स्पॉन्सर नको, राहतं फक्त लायसन्स. ई-२ वाल्याच्या जोडीदारालाही असंच आहे.

त्याला एच-१बी वर नेत असतील तर मात्र तुम्ही एच-४, आणि एच-४ ला काम करता येत नाही. नवऱ्याचं आय-१४० पास झालं की मग एच-४ चं वर्क परमिट मागता येतं, त्याला वर्षं लागू शकतात. म्हणून कंपनीशी बोलताना कुठला व्हिसा हा प्रश्न नवऱ्याने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारायला हवा. घरातल्या एकाच्या पगारावर चर्चा होते आणि दुसऱ्याचं करिअर कोणाच्या लक्षातच येत नाही, असं आपल्याकडे फार होतं.

अमेरिकन मुलीशी लग्न ठरलंय. मग?

मग व्हिसाचा प्रश्न जवळजवळ सुटला. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा नाही आणि जन्मदेशाची रांगही नाही, पुण्याचा काय आणि लीड्सचा काय. तिने आय-१३० (जोडीदाराला बोलावायचा अर्ज) भरायचा, उत्पन्नाची हमी द्यायची, तुम्ही ब्रिटिश पोलिसांचं एक्रो सर्टिफिकेट काढायचं, मेडिकल करायचं आणि लंडनला नाईन एल्म्सच्या एम्बसीत इंटरव्ह्यू. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं अटींसह मिळतं. लग्न खरं असायला हवं, हे सांगायची गरज पडू नये, पण काही लोक कागदी लग्नाचं विचारतात म्हणून सांगते: तो गुन्हा आहे, आणि पकडलं गेलं तर पुढचे सगळे रस्ते बंद.

तीन महिने इस्टावर जाऊन अँब्युलन्सवर राइड-अलाँग केलं तर? पगार घेणार नाही.

मागे बसून नुसतं बघणं वेगळं आणि हात लावणं वेगळं. इस्टावर (व्हिसाशिवाय थोड्या दिवसांसाठी जायची ऑनलाइन परवानगी) कॉन्फरन्सला जाता येतं, इंटरव्ह्यू देता येतो, ९० दिवस राहता येतं. पेशंटला कॅन्युला लावणं हे काम आहे, पगार घेतला नाही तरी, आणि तुमच्याकडे त्या राज्याचं लायसन्स नसताना तर ते अजूनच गंभीर. जे-१ ट्रेनी व्हिसाबद्दलही विचारतात: त्याच्या नियमातच पेशंटच्या क्लिनिकल कामाला मनाई आहे.

तिथे जाऊन पॅरामेडिकचा कोर्सच केला तर?

करता येतो, कॉलेजला परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असेल तर. डिग्रीचा कोर्स असेल तर एफ-१, नुसता व्होकेशनल असेल तर एम-१. एफ-१ वर कोर्सनंतर साधारण वर्षभर काम करता येतं, एम-१ वर शिकलेल्या दर चार महिन्यांमागे एक महिना आणि जास्तीत जास्त सहा. यातून लायसन्सचा गुंता सुटतो हे खरं, पण वर्ष संपलं की परत पहिल्या प्रश्नावर येता: स्पॉन्सर कोण? एवढी फी भरून फक्त वर्षभराचं काम मिळणार असेल तर तो निर्णय घरच्यांशी बसून, आकडे मांडून घ्या.

व्हिसा मिळाला असं धरू. माझं एचसीपीसी रजिस्ट्रेशन तिथे चालतं का?

नाही चालत. तिथे प्रत्येक राज्याचं स्वतःचं लायसन्स, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या आधी एनआरईएमटी या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा. एनआरईएमटी परदेशी पॅरामेडिकचं शिक्षण थेट धरत नाही, मान्यताप्राप्त अमेरिकन प्रोग्रॅम केलेला असावा लागतो. प्रत्यक्षात लोक आधी तिथला ईएमटी (पॅरामेडिकच्या खालची पायरी) कोर्स करतात, दीडशे-दोनशे तासांचा, मग एखादं कॉलेज शोधतात जे तुमचं आधीचं शिक्षण धरून पॅरामेडिक प्रोग्रॅममध्ये सूट देईल. जिथे राहायला जाणार त्या राज्याच्या ईएमएस (अँब्युलन्स सेवेच्या) ऑफिसला आधी ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. २०२४ च्या जूनअखेर पॅरामेडिकची वेगळी प्रॅक्टिकल परीक्षा बंद झाली, आता कॉम्प्युटरवरचीच, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तयारी करू नका.

अभ्यासात नावं आणि आकडे बदलतात. सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पॅरासिटामॉलचं असेटॅमिनोफेन. शुगर आपण इथे ४ च्या खाली गेली की धावतो, तिथे एकक वेगळं म्हणून तीच ७२ लिहिली जाते, म्हणजे घरी आईच्या ग्लुकोमीटरवर जे आकडे बघत मोठे झालो तेच. ताप फॅरनहाइटमध्ये, वजन पाउंडात. रात्री तीन वाजता दमलेल्या डोक्याने लहान मुलाचा डोस काढताना हे हाताशी असायला लागतं, म्हणून आधीच सवय करा.

काम सारखंच असतं का?

नाही, आणि इथे मन मोडू शकतं. ब्रिटनमध्ये तुम्ही स्वतःच्या रजिस्ट्रेशनवर निर्णय घेता. आजींना तपासलं, ईसीजी काढला, जीपीला (फॅमिली डॉक्टरला) फोन केला आणि घरीच ठेवलं, हे रोजचं काम आहे. अमेरिकेत तुम्ही मेडिकल डायरेक्टर डॉक्टरच्या प्रोटोकॉलखाली काम करता. शिवाय मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) मुळात पेशंट हॉस्पिटलपर्यंत नेल्याचे पैसे देतं, त्यामुळे घरी उपचार करून सोडण्याला आर्थिक पाया कमी. दुसरीकडे कित्येक ठिकाणी इंट्युबेशनसारख्या गोष्टी तिथल्या पॅरामेडिकच्या हातात जास्त आहेत.

बऱ्याच शहरांत अँब्युलन्स फायर डिपार्टमेंटकडे असते, म्हणजे पॅरामेडिक असून आगही विझवायची, आणि अशा नोकऱ्यांना अनेकदा नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात.

पगार तरी जास्त ना?

आकडा मोठा दिसतो. अमेरिकन सरकारच्या आकड्यांप्रमाणे मे २०२४ मध्ये पॅरामेडिकचा मध्यम पगार वर्षाला ५८,४१० डॉलर होता. इंग्लंडमध्ये बँड ६ ला (पॅरामेडिकची सरकारी पगारश्रेणी) २०२५-२६ मध्ये ३८,६८२ ते ४६,५८० पाउंड, वर रात्रपाळीचे आणि वीकेंडचे वेगळे. पाउंडाचे डॉलर करून बघा, मग हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता, सुट्ट्या, पेन्शन मांडा. फक्त पैशासाठी जायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की हा हिशोब जुळत नाही.

एक एजंट म्हणतो ५,००० पाउंड द्या, पॅरामेडिकचा व्हिसा गॅरंटीने.

देऊ नका. वर वाचलंत तसा व्हिसाच नाही तर गॅरंटी कसली? अजून एक ध्यानात ठेवा: पर्मच्या प्रक्रियेचा खर्च, वकिलाच्या फीसकट, कायद्याने मालकाने करायचा असतो, तुमच्याकडून वसूल करता येत नाही. जो तुमच्याकडे पर्मचे पैसे मागतो तो तिथेच उघडा पडतो. घर गहाण ठेवून, सोनं मोडून असे पैसे दिलेली कुटुंबं आपल्याकडे आहेत, म्हणून एवढं जोर देऊन लिहितेय.

ग्रीन कार्ड लॉटरी?

तीही जन्मदेशावर. भारतात जन्मलेले बाद. ब्रिटन बरीच वर्षं बाद होतं आणि नॉर्दर्न आयर्लंड वेगळं धरलं जायचं, यादी दरवर्षी निघते. भरोसा ठेवून आयुष्याचे निर्णय घेऊ नका.

महाराष्ट्रात १०८ वर काम केलंय. आधी युके आणि मग अमेरिका, असं करू का?

युकेला येऊन अमेरिका सोपी होत नाही, वरची रांग जन्मदेशाचीच राहते. युकेला पॅरामेडिक म्हणून यायचं तर एचसीपीसीला तुमचं शिक्षण त्यांच्या दर्जाशी जुळतंय हे पटवावं लागतं. युके हेच ध्येय असेल तर प्रयत्न करा, अमेरिकेची पायरी म्हणून नको.

मग ब्रिटिश पॅरामेडिकने जायचं तरी कुठे?

आयर्लंडला ब्रिटिश नागरिकाला व्हिसाच लागत नाही, फक्त पीएचईसीसी या तिथल्या संस्थेचं रजिस्ट्रेशन. ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१८ पासून पॅरामेडिक राष्ट्रीय पातळीवर रजिस्टर होतात आणि आपल्या डिग्रीला तिथे किंमत आहे. हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे, २०१४ च्या सुमारास लंडन अँब्युलन्सने ऑस्ट्रेलियातून शेकड्यांनी माणसं आणली होती. बाहेरचा अनुभव हवा असेल तर मी आधी तिकडे बघायला सांगेन.

अमेरिकेला जायचं पक्कंच झालं तर एचसीपीसी सोडून देऊ?

अजिबात नको. दोन वर्षांनी एकदा रिन्युअल असतं, सीपीडीच्या (नोकरीत चालू ठेवलेल्या शिक्षणाच्या) नोंदी ठेवा आणि फी भरत राहा. रजिस्टरवरून नाव गेलं आणि दोन ते पाच वर्षं काम सुटलं तर परत यायला ३० दिवसांचं अपडेटिंग, पाच वर्षांच्या वर गेलं तर ६० दिवस. आणि सी-१ (अँब्युलन्ससारख्या मोठ्या गाडीच्या) ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत जायच्या आधी तपासून घ्या.